पीएचपीत दोन ॲरेंमधला फरक: ॲरे_डिफ_असॉक कुठे फसवते आणि त्याऐवजी काय करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाशीच्या मसाला मार्केटमधल्या एका गाळ्यासाठी दरपत्रकाची प्रणाली चालते. कालचे भाव मायएसक्यूएल या डेटाबेसमधून पीडीओने (पीएचपीला डेटाबेसशी जोडणाऱ्या एक्स्टेन्शनने) येतात, आजचे भाव मेहताजी एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या मजकुराची फाइल) काढून अपलोड करतात. दोन्हींचे असोसिएटिव्ह ॲरे (प्रत्येक नावाला, म्हणजे कीला, एक व्हॅल्यू असलेल्या याद्या) बनतात आणि ॲरे_डिफ_असॉक या तयार फंक्शनने फरक काढून तो डीलरांना पाठवला जातो. तक्रारी तीन आहेत. भाव तोच असूनही कित्येक वाण ‘बदलले’ म्हणून येतात. गोणीचे वजन बदलले तरी फरकात दिसत नाही. आणि यादीतून काढून टाकलेले वाण कुठेच उमटत नाहीत.

तिन्ही तक्रारी एकाच फंक्शनच्या असल्या तरी कारणे तीन वेगवेगळी आहेत, आणि फंक्शनमध्ये बग नाही. ते कागदोपत्री सांगितलेलेच काम करते, फक्त ते काम तुमचे नाही. उत्तर वाचण्याआधी एक व्यवस्थेची गोष्ट: खाली फंक्शनांची, कीवर्डांची नावे आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत, एडिटरमध्ये ते नेहमीच्या रोमन लिपीत टंकायचे. व्हेरिएबलची नावे मात्र देवनागरीत ठेवली तरी पीएचपीला चालतात.

सोप्या तक्रारीपासून सुरुवात करू. डिफ कुळातली सगळी फंक्शने एकाच दिशेने बघतात: पहिल्या ॲरेत आहे आणि दुसऱ्यात नाही, तेवढेच परत मिळते. तुम्ही ($नवे, $जुने) या क्रमाने बोलावता, म्हणून नवीन वाण आणि बदललेले वाण मिळतात, काढलेले मिळणे शक्यच नाही. क्रम उलटा केला तर काढलेले आणि बदललेले मिळतील, पण जुन्या भावासह. म्हणून तीन याद्या वेगळ्या काढाव्यात:

$वाढले = ॲरे_डिफ_की($नवे, $जुने);
$गेले = ॲरे_डिफ_की($जुने, $नवे);
$दोन्हींत = ॲरे_इंटरसेक्ट_की($नवे, $जुने);

ॲरे_डिफ_की फक्त की बघते, व्हॅल्यूला हात लावत नाही, त्यामुळे पहिल्या दोन याद्यांमध्ये टाइपची (आकडा की मजकूर, याची) भानगड येत नाही. खरी तुलना करायची ती तिसऱ्या यादीतल्या वाणांची. नुसते ॲरे_डिफ मात्र इथे वापरू नका. ते की बघतच नाही. हळदीचा भाव जिऱ्याला आणि जिऱ्याचा हळदीला लागला तर ॲरे_डिफ सांगेल, काहीही बदललेले नाही.

आता दुसरी तक्रार, गोणीचे वजन. तुमचा ॲरे साधारण असा आहे, आणि ॲरे_डिफ_असॉक एकेका वाणाच्या ओळीवर लागते:

$जुने['जिरे'] = ['भाव' => '२८०.००', 'गोणी' => ['वजन' => ३०, 'नग' => १२]];
$नवे['जिरे'] = ['भाव' => '२८०', 'गोणी' => ['वजन' => २५, 'नग' => १२]];

ॲरे_डिफ_असॉक दोन व्हॅल्यूंची तुलना करताना दोन्हींचे स्ट्रिंग (साधा मजकूर) करते आणि मग ते स्ट्रिंग तंतोतंत सारखे आहेत का ते बघते. आतला ॲरे स्ट्रिंग केला तर पीएचपीत ‘ॲरे’ हा एकच शब्द हाती येतो. ३० किलोची गोणी असो वा २५ किलोची, दोन्हींचे स्ट्रिंग सारखेच. म्हणजे फरक शून्य. या वेळी ‘ॲरे टू स्ट्रिंग कन्व्हर्जन’ असा इशारा निघतो. ७.४ पर्यंत ती नुसती नोटीस होती, ८.० पासून ती वॉर्निंग आहे. पण लाइव्ह सर्व्हरवर डिस्प्ले_एरर्स बंद असते, त्यामुळे तो इशारा लॉगमध्ये पडून राहतो आणि कुणी बघत नाही. तुमचा एरर लॉग उघडा, या एका ओळीने भरलेला सापडेल. व्हॅल्यूच्या जागी एखादा ऑब्जेक्ट असेल आणि त्याला स्ट्रिंगमध्ये बदलायची पद्धत दिलेली नसेल, तर वॉर्निंगवर भागत नाही, थेट एरर येऊन स्क्रिप्ट थांबते. खरे तर ते बरे, निदान कळते तरी.

लारावेल (पीएचपीचे फ्रेमवर्क) वापरत असाल तर कुणीतरी ‘एआरआर डॉट’ने ॲरे सपाट करून मग ॲरे_डिफ_असॉक लावायला सुचवेल. बहुतेक वेळा जमते. पण आतला ॲरे रिकामा असेल तर तो सपाट होत नाही, ॲरे म्हणूनच राहतो आणि पुन्हा तोच इशारा. शिवाय एखाद्या कीमध्येच टिंब असेल, जसे ‘क्र.१’, तर वाट कुठे तुटते ते समजेनासे होते.

पहिली तक्रार सगळ्यात त्रासाची, कारण तिथे चूक डेटात आहे. मायएसक्यूएलमधला डेसिमल प्रकारचा कॉलम पीएचपीत नेहमी स्ट्रिंग म्हणून येतो, आणि दोन दशांश स्थळांचा कॉलम असेल तर ‘२८०.००’ असा. सीएसव्हीतून आलेला भाव ‘२८०’. स्ट्रिंग म्हणून ते दोन वेगळे आहेत, म्हणून ‘बदलले’. पूर्णांकाच्या कॉलमबाबत आणखी एक मेख आहे: पीडीओ इम्युलेटेड प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरत असेल तर ८.१ च्या आधी इंट (पूर्णांक) आणि फ्लोटही (दशांश संख्याही) स्ट्रिंग म्हणून यायचे, ८.१ पासून ते मूळ टाइपमध्ये येतात. सर्व्हरची पीएचपी आवृत्ती बदलल्यावर कोडला हात न लावता ‘फरक’ अचानक वाढले, तर संशयित नंबर एक हा. ॲरे_डिफ_असॉकला ३० आणि ‘३०’ सारखेच वाटतात, पण टाइपही बघणाऱ्या === या कठोर तुलनेला नाही.

याच स्ट्रिंग-रूपांतराची उलटी बाजूही आहे, ती खरे फरक गिळते. नल (काहीच नाही), फॉल्स (खोटे) आणि रिकामी स्ट्रिंग या तिन्हींचे स्ट्रिंग रिकामेच होते. ट्रू आणि १ दोन्ही ‘१’. म्हणजे ‘भाव ठरलेला नाही’ म्हणून नल आणि ‘विक्री बंद’ म्हणून फॉल्स ठेवत असाल तर एकातून दुसऱ्यात झालेला बदल ॲरे_डिफ_असॉकच्या नजरेला पडणारच नाही. फ्लोटचेही तसेच. ०.१ + ०.२ आणि ०.३ हे === ला वेगळे, पण स्ट्रिंग करताना प्रिसिजन ही सेटिंग मूळ १४ असल्यामुळे दोन्ही ‘०.३’ होतात आणि सारखे ठरतात. इथे योगायोगाने हवे तेच उत्तर मिळाले. पण सर्व्हरच्या सेटिंगवर हिशेब टांगून ठेवायचा नसतो.

मग == ही सैल तुलना वापरू का, असा पुढचा प्रश्न हमखास येतो. नको. दोन आकडेवजा स्ट्रिंग == ने तोलले तर पीएचपी त्यांना आकडे समजते. जिऱ्याचा एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक) ०९०९. एक्सेल हा कोड आकडा समजून पुढचे शून्य खाते आणि सीएसव्हीत ९०९ येते. ‘०९०९’ == ‘९०९’ याचे उत्तर ट्रू. म्हणजे बिघडलेला कोड ‘बरोबर’ म्हणून आत गेला. २०२० मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीने आकडा आणि अक्षरी स्ट्रिंग यांची तुलना सुधारली, पूर्वी ० आणि ‘सुंठ’ समान ठरायचे, आता ठरत नाहीत. पण दोन आकडेवजा स्ट्रिंगांचा नियम आहे तसाच आहे.

एचएसएनसारखे कोड तुम्ही की म्हणून वापरत असाल तर दुहेरी काळजी. ‘९०९’ ही की पीएचपी गुपचूप पूर्णांक करते, ‘०९०९’ स्ट्रिंगच राहते. आणि असे दोन ॲरे ॲरे_मर्जने जोडले तर पूर्णांक की ०, १, २ अशा नव्याने क्रमांकित होतात. ९०९ नाहीसा. दोन्ही बाजूंच्या कीज एकत्र हव्या असतील तर $जुने + $नवे असे लिहा. + की बदलत नाही, आणि दोन्हींकडे असलेल्या कीसाठी डावीकडची व्हॅल्यू ठेवते. इथे आपल्याला फक्त कीज हव्यात, म्हणून चालते.

तेव्हा उपाय दोन टप्प्यांचा: आधी दोन्ही बाजू एका साच्यात आणा, मग === ने कठोर तुलना करा. साच्यात आणणे म्हणजे प्रत्येक फील्डचा टाइप तुम्ही ठरवणे. पीएचपीने अंदाज लावायला काही ठेवायचे नाही.

पैसे पूर्णांक पैशांत. २८० रुपयांचे २८००० पैसे. पण फ्लोटला १०० ने गुणून थेट इंट करू नका. १९.९९ गुणिले १०० याचे इंट १९९८ येते, कारण आतली खरी संख्या १९९८.९९९... असते. आधी राउंड, मग इंट. त्याहीआधी स्वल्पविराम काढा. मेहताजींच्या एक्सेलमध्ये ‘१,२५०.५०’ असेल तर फ्लोटमध्ये बदलल्यावर १ उरतो, कारण पीएचपी पहिल्या न समजलेल्या अक्षरापाशी थांबते. तिथे वॉर्निंगही येत नाही. एखाद्याने भाव खरोखरच देवनागरी आकड्यांत टंकला असेल तर इंट केल्यावर थेट ०, म्हणून एसटीआरटीआरने दहा अंकांचा नकाशा देऊन ते आधी बदलून घ्या. आणि रूपांतरानंतर ० आले, पण मूळ मजकूर शून्य नव्हता, तर ती ओळ नाकारा. शून्य भाव डीलरांपर्यंत गेला तर फोन दिवसभर वाजतील.

तारखा ‘वर्ष-महिना-दिवस’ या स्ट्रिंगमध्ये. स्ट्रटोटाइमवर विसंबू नका. ते तिरक्या रेघेची तारीख अमेरिकी पद्धतीने वाचते, म्हणजे ०५/०४/२०२४ हे ५ एप्रिल नसून ४ मे होते. आडव्या रेघेची तीच तारीख मात्र ५ एप्रिल. डेटटाइम-इम्युटेबलचे क्रिएट-फ्रॉम-फॉरमॅट वापरा आणि फॉरमॅटच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह द्या, नाहीतर वेळेच्या जागी आत्ताचे तास-मिनिटे भरली जातात आणि त्याच तारखा वेगळ्या ठरतात. तारखेचा ऑब्जेक्ट ॲरेत तसाच ठेवला तर === दोन्ही तोच ऑब्जेक्ट आहेत का एवढेच बघते, म्हणून स्ट्रिंग करूनच ठेवा.

मजकुराबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण मराठी डेटात निम्मे खोटे फरक इथून येतात. एक्सेल आणि वेब पानांवरून येणारी न तुटणारी स्पेस साधे ट्रिम काढत नाही. म्हणून काही जण ट्रिमला त्या स्पेसचे दोन बाइट स्वतः देतात. ते करू नका. ट्रिम अक्षरे बघत नाही, बाइट बघते, आणि ‘ठ’ या अक्षराचा शेवटचा बाइट नेमका त्या स्पेसच्या शेवटच्या बाइटसारखा आहे. ‘सुंठ’ ट्रिम केली तर ‘ठ’चा लचका तुटतो आणि स्ट्रिंग अवैध यूटीएफ-८ होते. ८.४ वर असाल तर एमबी_ट्रिम आहे. त्याखाली प्रेग_रिप्लेसला यू मॉडिफायर लावून सुरुवातीची आणि शेवटची मोकळी जागा काढा, त्यात ही स्पेस नावानिशी लिहा.

पुढे युनिकोड. ‘ऱ’ एका संकेतांकाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता असा दोन संकेतांकांनीही. दिसायला एकच, बाइट वेगळे. पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनचे नॉर्मलायझर, एनएफसी (जोडून लिहिलेल्या) रूपात, हे दोन्ही एक करते. पण ‘ॲ’चे तसे होत नाही. एक स्वतंत्र ‘ॲ’ आहे आणि दुसरा ‘अ’वर चंद्र देऊन केलेला. युनिकोडच्या लेखी हे समतुल्य नाहीत, त्यामुळे नॉर्मलायझर त्यांना हात लावत नाही. ‘ॲल्युमिनियम फॉइल पॅक’ एका कीबोर्डवरून एक येतो, दुसऱ्यावरून दुसरा. तो बदल एसटीआरटीआरने तुम्हालाच करावा लागेल. अर्ध्या ‘र’साठी वापरलेला शून्य रुंदीचा जोडकही असाच दिसत नाही आणि तुलनेत मात्र मोजला जातो. तो सरसकट उडवू नका, काही शब्दांचे रूपच बदलेल. वाणाच्या नावावरून ओळख न ठेवता कोडवरून ठेवली तर यातले बरेच दुखणे मुळातच टळते.

सीएसव्हीच्या पहिल्या कॉलमचे नाव जुळत नसेल तर फाइलच्या सुरुवातीचे ३ बाइट तपासा. एक्सेलच्या ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ पर्यायाने बॉम (फाइल यूटीएफ-८ असल्याची न दिसणारी खूण) घातलेला असतो आणि एफगेटसीएसव्ही तो पहिल्या शीर्षकाला चिकटवून देते. व्हर_डंपने स्ट्रिंगची लांबी बघितली तर अपेक्षेपेक्षा ३ जास्त दिसेल. आणि मेहताजींना बजावून ठेवा: साधा ‘सीएसव्ही’ पर्याय निवडला तर देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात, मग पुढे कुठलेच कोडिंग ती परत आणू शकत नाही.

ओळींचा ॲरे कोडवर आणायला ॲरे_कॉलम($ओळी, नल, 'कोड') पुरते. एकच कोड दोनदा असेल तर शेवटची ओळ जिंकते आणि आधीची गुपचूप जाते, म्हणून आधी आणि नंतर काउंट तपासून बघा. साच्यात आणताना फॉरईचमध्ये ॲम्परसँड लावून ओळ बदलत असाल तर लूप संपताच ते व्हेरिएबल अनसेट करा. नाहीतर पुढच्या लूपने तेच नाव वापरले की शेवटच्या ओळीवर तिच्या आधीची ओळ चढते. फरकात नेहमी शेवटचाच वाण चुकीचा दिसत असेल तर दुसरे काही शोधत बसू नका.

एवढे झाल्यावर तुलना करणारे फंक्शन लहानच उरते:

फंक्शन फरक(ॲरे $जुने, ॲरे $नवे, ॲरे $वाट = []): ॲरे
{
  $यादी = [];
  फॉरईच ($जुने + $नवे ॲज $की => $_) {
    $इथे = [...$वाट, $की];
    इफ (!ॲरे_की_एक्झिस्ट्स($की, $जुने)) {
      $यादी[] = ['वाढले', $इथे, नल, $नवे[$की]];
    } एल्सइफ (!ॲरे_की_एक्झिस्ट्स($की, $नवे)) {
      $यादी[] = ['गेले', $इथे, $जुने[$की], नल];
    } एल्सइफ (इज_ॲरे($जुने[$की]) && इज_ॲरे($नवे[$की])) {
      ॲरे_पुश($यादी, ...फरक($जुने[$की], $नवे[$की], $इथे));
    } एल्सइफ ($जुने[$की] !== $नवे[$की]) {
      $यादी[] = ['बदलले', $इथे, $जुने[$की], $नवे[$की]];
    }
  }
  रिटर्न $यादी;
}

इथे इससेट (व्हॅल्यू आहे का ते बघणारी तपासणी) मुद्दाम नाही. की आहे पण व्हॅल्यू नल आहे, तर इससेट फॉल्स सांगते, आणि ‘भाव ठरलेला नाही’ हे ‘वाण काढला’ असे वाचले जाईल. दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटरही त्याच कारणाने नको. वाट स्ट्रिंग न करता ॲरेच ठेवली आहे, टिंबाची कटकट नको म्हणून. ॲरे_पुशला पसरलेला ॲरे रिकामा असला तरी ७.३ पासून चालते. आतले ॲरे आपण स्वतः उघडतो, म्हणून कीजचा क्रम बदलला तरी फरक येत नाही. पूर्ण ॲरेवर एकदम === लावले असते तर क्रमही मोजला गेला असता.

हे फंक्शन एका ठिकाणी चुकीचे वागेल: साध्या याद्यांवर. ‘डिलिव्हरी’ => ['ठाणे', 'ऐरोली', 'पनवेल'] मधून ठाणे काढले तर ० वर ऐरोली, १ वर पनवेल येतो. निष्कर्ष: दोन बदलले, एक गेला. प्रत्यक्षात फक्त ठाणे गेले. अशा यादीत क्रमाला अर्थ नसेल तर ८.१ मधल्या ॲरे_इज_लिस्टने ती ओळखा आणि दोन्ही दिशांनी ॲरे_डिफ लावा. वर ज्याला नको म्हटले तेच फंक्शन इथे अगदी योग्य आहे, व्हॅल्यू साध्या स्ट्रिंग असतील तोवर. दोन्ही याद्या रिकाम्या नाहीत हेही तपासा, कारण रिकामा ॲरेसुद्धा लिस्टच ठरतो. क्रमाला अर्थ असेल, जसे फोटोंचा क्रम, तर पूर्ण यादी एक व्हॅल्यू समजून === ने तोला आणि ‘यादी बदलली’ एवढेच सांगा.

स्वतःचा तुलना-नियम हवा असेल, म्हणजे पाच पैशांपर्यंतचा फरक सोडून द्यायचा वगैरे, तर ॲरे_यूडिफ_असॉकला कॉलबॅक, म्हणजे स्वतःचे तुलना करणारे फंक्शन, देता येतो. त्याच्या भावंडांबाबत सावध राहा. ॲरे_यूडिफ आतून आधी सॉर्ट करते, त्यामुळे कॉलबॅकने लहान, समान, मोठे असे तिन्ही निकाल सुसंगत द्यायला हवेत, <=> जसे देतो तसे. फक्त ट्रू-फॉल्स परत केले तर उत्तर चुकते. तेही प्रत्येक वेळी चुकत नाही, डेटाच्या क्रमावर अवलंबून असते, त्यामुळे शोधणे अवघड. पाच पैशांसारखी सूटही सॉर्टला झेपत नाही: अ आणि ब समान, ब आणि क समान, पण अ आणि क वेगळे, असे होऊ शकते.

वेगाची काळजी २०,००० वाणांपर्यंत करू नका. कीवरून शोध हॅशने होतो, त्यामुळे काम वाणांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते. लूपच्या आत इन_ॲरे घातले तर मात्र २०,००० गुणिले २०,००० म्हणजे ४० कोटी तुलनांपर्यंत जाते, आणि पान टाइमआउट होते. मेमरीचा अंदाज: ६४-बिट पीएचपीत आठ फील्डपर्यंतच्या एका लहान असोसिएटिव्ह ॲरेला स्ट्रिंग सोडून ३७६ बाइट लागतात. २०,००० ओळींचे सुमारे ७५ लाख बाइट, दोन्ही बाजूंचे दीड कोटी. १२८ एमबीच्या मूळ मर्यादेत आरामात बसते. लाखांवर गेलात तर साच्यात आणलेल्या ओळीचा केसॉर्ट (कीजच्या क्रमाने लावणे) करून हॅश, म्हणजे ओळीचा छोटा ठसा, काढा, तो टेबलात ठेवा आणि हॅश न जुळलेल्या ओळींवरच वरचे फंक्शन चालवा. ८.१ पासून एक्सएक्सएच१२८ या पद्धतीचा हॅश मिळतो, या कामाला पुरेसा. केसॉर्ट आतल्या ॲरेंनाही लागते, ते विसरले तर हॅश उगाचच वेगळे येतात.

चाचण्या लिहिताना पीएचपी-युनिट या चाचणी-साधनाचे असर्ट-सेम घ्या, असर्ट-इक्वल्स नको, ते == च्या धर्तीवर तोलते. किमान या जोड्या हव्यात: दोन्ही रिकामे, नल विरुद्ध की नसणे, ‘३०’ विरुद्ध ३०, दोन पातळ्या खोल बदल, यादीतला पहिला घटक काढणे, आणि शेवटी मोकळी जागा असलेली ‘सुंठ’.

फरकाची नोंद टेबलात जेसनने (डेटा मजकुरात लिहिण्याच्या पद्धतीने) ठेवताना अनएस्केप्ड युनिकोडचा पर्याय द्या. नाहीतर ‘ठाणे’ या शब्दाचे १२ बाइटांऐवजी २४ होतात आणि नोंद डोळ्यांनी वाचता येत नाही. सोबत थ्रो-ऑन-एररही द्या. एखादी स्ट्रिंग अवैध यूटीएफ-८ असेल तर जेसन_एन्कोड एरवी फॉल्स परत करते, तो फॉल्स कॉलममध्ये रिकामी स्ट्रिंग किंवा ० म्हणून जाऊन बसतो, आणि भाव कधी बदलला ते डीलरने विचारले तर दाखवायला नोंद नसते.